मुलाला कायमचा आजार असताना रिसर्चच्या फॉर्मवर सही करायच्या आधी

माझी लेक सहा वर्षांची असताना तिला टाईप वन डायबेटिस निघाला आणि दीड-दोन वर्षांत आमच्यासमोर पहिला रिसर्चचा फॉर्म आला. फॉलोअपचा दिवस, केबिनबाहेर गर्दी, लेक माझ्या मांडीवर झोपलेली, आणि एक ताई क्लिपबोर्ड घेऊन आल्या, म्हणाल्या छोटासा स्टडी आहे, नेहमीच्या ब्लड टेस्टबरोबरच होऊन जाईल, इथे आणि इथे सही करा. मी केली. वाचलं काहीच नाही. सहा महिन्यांनी कळलं की दर वेळी दोन ट्यूब जास्तीच्या भरल्या जात होत्या आणि त्यातली एक पुढच्या कुठल्यातरी संशोधनासाठी फ्रीजरमध्ये ठेवायला होती, आणि हे सगळं नवव्या पानावर व्यवस्थित लिहिलेलं होतं. कोणी खोटं बोललं नव्हतं. पण समजावूनही कोणी सांगितलं नव्हतं, आणि जिच्या हातातून ते रक्त निघत होतं तिला तर कोणी विचारलंच नव्हतं.

त्यानंतर आजपर्यंत अजून चार फॉर्म आले, दोनला आम्ही हो म्हटलं, दोनला नाही. कसं ठरवलं ते सगळं इथे लिहितेय, कारण ज्यांच्या मुलांना दमा, थॅलेसेमिया, किडनी, आर्थ्रायटिस, फिट्स असं काहीतरी वर्षानुवर्षं चालणारं दुखणं आहे त्यांच्यासमोर हा क्लिपबोर्ड कधी ना कधी येतोच.

तर पहिली गोष्ट, आज सही करायची नाही. हे घरातून निघतानाच ठरवून ठेवा. "फॉर्म घरी नेते, वाचते आणि कळवते" हे वाक्य आधीच तोंडात बसवून ठेवा, अक्षरशः आरशासमोर म्हणून बघा, कारण ज्या डॉक्टरांनी आपल्या मुलाला रात्री तीन वाजता वाचवलंय त्यांच्यासमोर "थांबा" म्हणणं किती जड जातं ते मला माहितीये. इमर्जन्सीतले काही स्टडी सोडले तर कुठल्याही सरळ स्टडीत वाचायला वेळ मिळतोच, मिळायलाच हवा. आजच सही हवी म्हणून कोणी घाई करत असेल तर तिथेच सावध व्हा.

घरी आल्यावर एक कोरा कागद घ्या आणि मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे लिहा, स्टडीत नसतो तरी मुलाचं काय काय झालंच असतं. उजवीकडे, फक्त स्टडीसाठी काय काय होणार. आमच्या तिसऱ्या फॉर्मच्या वेळी डावीकडे चार ओळी आल्या: तीन महिन्यांनी एक व्हिजिट, एक ब्लड टेस्ट, इन्सुलिनचे डोस बघणं, वजन-उंची. उजवीकडे अकरा. दर महिन्याला एक जास्तीची व्हिजिट, त्यातल्या दोन वेळा रात्रभर अ‍ॅडमिट, रात्री दर तासाला रक्त, शाळा बुडणार ते दिवस वेगळे, दीडशे प्रश्नांची एक प्रश्नावली. हे असं समोर लिहिलेलं बघितलं की डोकं एकदम साफ होतं. उजवी बाजू फॉर्म वाचून भरता येत नसेल तर तेच त्यांना विचारा, "फक्त रिसर्चसाठी म्हणून माझ्या मुलीबरोबर काय काय होणार ते एकेक करून सांगा".

ही रेघ इतकी महत्त्वाची का, तर आपण आई-बाप तिथेच फसतो. डॉक्टर सांगतायत म्हणजे मुलाच्या भल्याचंच असणार हे आपण गृहीत धरतो. उपचारात ते खरंच आहे, तिथे डॉक्टर फक्त तुमच्या मुलाकडे बघून डोस बदलतात. पण ट्रायलमध्ये, म्हणजे औषध माणसांवर तपासून बघायच्या अभ्यासात, एक प्रश्न सोडवायचा असतो, आणि त्यासाठी डोस, तारखा, टेस्ट सगळं आधीच ठरलेलं असतं, कोणाला कुठलं औषध ते तर बऱ्याचदा चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. हा घोळ लोकांच्या मनात कसा होतो ते अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ पॉल अ‍ॅपलबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखवून दिलं, समजावून सांगितलं तरी माणसाला वाटतच राहतं की हे माझ्या उपचारासाठीच चाललंय. फेज वन, म्हणजे औषध माणसांना देऊन बघायचा पहिला टप्पा, असं म्हटलं असेल तर मुख्य प्रश्न हाच असतो की औषध किती सुरक्षित आहे आणि डोस किती द्यायचा, फायदा झाला तर झाला. हे माहीत असूनही हो म्हणता येतं, पण माहीत असायला हवं.

आता कोणी म्हणेल मग मुलांवर रिसर्च करूच नका. मलाही पहिल्या रागात तसंच वाटलं होतं. पण माझी मुलगी जे इन्सुलिन रोज घेते ते पहिल्यांदा टोचलं गेलं ते एका मुलालाच, लेनर्ड थॉम्पसन, वय १४, टोरंटो, ११ जानेवारी १९२२. वजन तीस किलोच्या आतबाहेर राहिलेलं. पहिल्या इंजेक्शनने फारसं काही झालंच नाही, उलट टोचलं तिथे गळू झालं, मग जेम्स कॉलिप या रसायनतज्ज्ञांनी रात्रंदिवस खपून जनावरांच्या स्वादुपिंडातून काढलेला तो अर्क जास्त शुद्ध केला आणि २३ तारखेला परत दिला तेव्हा साखर खाली आली. त्यानंतर तो १३ वर्षं जगला. दुसरं, ब्लड कॅन्सर. १९४८ मध्ये बोस्टनच्या डॉक्टर सिडनी फार्बर यांनी १६ मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध दिल्याचं छापून आलं, त्यातल्या १० मुलांत सुधारणा दिसली, तीही तात्पुरती. तिथून एकामागून एक ट्रायल होत गेल्या आणि आज चांगले उपचार मिळाले तर लहान मुलांच्या अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात साधारण दहातली नऊ मुलं वाचतात.

आणि रिसर्च न करण्याचीही किंमत मुलंच मोजतात. क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक मोठ्यांना चालत होतं म्हणून नवजात बाळांना दिलं गेलं, बाळं राखाडी पडून दगावली, आणि १९५९ मध्ये स्पष्ट झालं की इतक्या लहान बाळाचं लिव्हर ते औषध मोडूच शकत नाही. मूल म्हणजे छोट्या साईझचा मोठा माणूस नव्हे. हॅरी शिर्की या डॉक्टरांनी १९६०च्या दशकात अशा मुलांना औषधांच्या बाबतीतली अनाथ मुलं म्हटलं होतं, औषध आहे पण त्यांच्यावर तपासलेलंच नाही. म्हणजे नाही म्हणणं हे आपोआप चांगलं आणि हो म्हणणं आपोआप वाईट असं नाहीये, दर वेळी बघून ठरवायला लागतं.

आता दबावाबद्दल, कारण मला वाटतं खरी मेख इथे आहे. न्यूयॉर्कमधली विलोब्रुक ही मतिमंद मुलांची संस्था, १९५०च्या दशकाच्या मध्यापासून पुढे कितीतरी वर्षं तिथे मुलांना मुद्दाम कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस, देऊन अभ्यास चालला होता. डॉक्टरांचं म्हणणं, तिथे ती साथ आहेच, मुलांना आज ना उद्या होणारच. आणि पालकांच्या सह्या होत्या! पण एका टप्प्यावर संस्थेत जागाच उरली नाही, नवीन प्रवेश बंद झाले, चालू राहिला तो हिपॅटायटिसच्या अभ्यासाचा विभाग. म्हणजे ज्या आईला घरी सांभाळणं अशक्य झालंय तिच्यासमोर दार एकच उघडं आणि त्या दाराला फॉर्म लावलेला. सही होती, पण त्या सहीला काय अर्थ?

आपल्याकडे इतकं उघड काही होत नाही, पण कायमच्या आजारात आपण त्याच डॉक्टरांकडे, त्याच क्लिनिकमध्ये दहा-दहा वर्षं जाणार असतो आणि मनात येतंच की नाही म्हटलं तर अपॉइंटमेंट लांबेल का, वागणूक बदलेल का. म्हणून सरळ विचारा, तोंडावर: "आम्ही नाही म्हटलं तर उपचारात काय फरक पडेल?" उत्तर "काहीच नाही" असंच यायला हवं आणि फॉर्ममध्येही ते छापलेलं असायला हवं. दुसरं, स्टडी समजावणारी व्यक्ती तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांपेक्षा वेगळी असू शकते का ते विचारा, आणि नेहमीचे डॉक्टरच स्टडी चालवत असतील तर ज्यांचा त्या स्टडीशी संबंध नाही अशा दुसऱ्या डॉक्टरांना फॉर्म दाखवा. यात कोणाचा अपमान नाही, समजूतदार डॉक्टर स्वतःच तसं सुचवतात. आणि पैशांचंही विचारा, औषध कंपनी पैसे देतेय का, डॉक्टरांचा त्यात हिस्सा आहे का. तुम्हाला जाण्यायेण्याचा खर्च, बुडालेला दिवस भरून मिळाला तर ते ठीकच आहे. पण रक्कम बघून जर वाटायला लागलं की आत्ता घरात चणचण आहे तर करून टाकू, तर दोन दिवस थांबा आणि रक्कम शून्य असती तर काय केलं असतं ते स्वतःला विचारा.

रिस्क कशी मोजायची, तर सगळ्यात आधी रक्त, कारण ते मोजता येतं. मुलाच्या अंगात किलोमागे साधारण ८० मिली रक्त असतं, म्हणजे १० किलोच्या मुलात ८०० मिली. युरोपातल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रिसर्चसाठी एका वेळी एकूण रक्ताच्या १ टक्क्यापेक्षा आणि चार आठवड्यांत ३ टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ नये, म्हणजे या मुलाचं एका वेळी ८ मिली आणि महिन्याभरात २४ मिली. आता फॉर्ममधल्या ट्यूब मोजा, प्रत्येक ट्यूब किती मिलीची ते विचारा आणि बेरीज करा. मूल अ‍ॅनिमिक असेल तर ही मर्यादा अजून खाली यायला हवी, ते आवर्जून बोला. तसंच ट्यूब पाच असल्या तरी सुई एकदाच टोचता येईल का, रिसर्चचं रक्त नेहमीच्या टेस्टबरोबरच काढता येईल का, बधिर करायचं क्रीम लावणार का. ते क्रीम लावून साधारण तासभर थांबावं लागतं आणि घाईत हीच गोष्ट पहिली गळते, म्हणून मी आमची क्रीमची ट्यूब बरोबर नेते आणि तिथे पोचल्या पोचल्या लावते.

एक वाक्य मात्र कानावर पडलं की थांबायचं: "तिला सुयांची सवयच आहे हो." नियमांत एक कल्पना असते, किमान धोका, म्हणजे रोजच्या जगण्यात किंवा साध्या तपासणीत मुलाला जितका धोका-त्रास असतो तितकाच. पण कोणाचं रोजचं जगणं? माझ्या मुलीच्या रोजच्या जगण्यात दिवसाला चार-सहा वेळा टोचणं आहे. त्या हिशोबाने तिला अजून दहा वेळा टोचलं तरी किमानच म्हणायचं का? अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीने २००४ मध्ये हेच मांडलं की माप निरोगी, सर्वसाधारण मुलाच्या आयुष्याचं लावायचं, आजारी मुलाच्या नाही. मला ते शंभर टक्के पटतं. जे मूल आधीच जास्त सोसतंय त्याच्यावर अजून टाकायला त्याचं सोसणं हेच कारण कसं होऊ शकतं? अमेरिकेतल्याच नियमांत आजारी मुलांसाठी किमानपेक्षा थोडा जास्त धोका चालतो अशी एक वाट आहे, पण त्याला अटी आहेत, त्या आजाराबद्दल खरंच महत्त्वाचं काही कळणार असेल आणि साधारणपणे दोन्ही पालक हो म्हणत असतील तर. आणि हो, सवय झालीये असं जे दिसतं ते बऱ्याचदा सवय नसतं, मूल गप्प बसायला शिकलेलं असतं.

सुईशिवायची रिस्क लोक मोजतच नाहीत. शाळा, मित्र, सहलीला न जाणं, परत परत "तू आजारी आहेस" हे ऐकणं, भावंडांना एकटं ठेवणं. ही सगळी उजव्या रकान्यात लिहा.

प्लासिबो, म्हणजे औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं काहीतरी, असेल तर घाबरून लगेच नाही म्हणू नका, पण एकच प्रश्न धरून बसा: माझ्या मुलाचं आत्ता चालू असलेलं औषध बंद होणार का? बऱ्याच स्टडीत नेहमीचं औषध चालूच असतं आणि त्यावर नवीन औषध किंवा प्लासिबो जोडतात, ते वेगळं. पण चालू औषध थांबवणार असतील तर किती दिवस, दुखणं उसळलं तर कोणतं औषध किती वेळात मिळणार, आणि बाहेर काढायचं ते कोण ठरवणार, हे कागदावर हवं. अशी तुलना योग्य कधी, तर दोन्हींतलं चांगलं कुठलं यावर तज्ज्ञांमध्येच खरोखर मतभेद असतील तेव्हा. म्हणून मी डॉक्टरांना विचारते, "तुम्हाला स्वतःला काय वाटतं, कुठलं चांगलं?" ते जर ठामपणे म्हणाले की नवीनच चांगलं, तर मग चिठ्ठी कशाला टाकताय? आणि खरंच माहीत नाही म्हणाले तर मला उलट विश्वास वाटतो.

आता मूल. पालकांची ती परवानगी आणि मुलाचा तो होकार, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इंग्रजीतला असेंट हा शब्द तुमच्या कानावर येईल. बऱ्याच ठिकाणी साधारण सात वर्षांपासून मुलाला विचारायची पद्धत आहे, वैद्यकीय संशोधनाची नीतितत्त्वं सांगणाऱ्या हेलसिंकीच्या जाहीरनाम्यातही आहे की होकार देऊ शकणाऱ्या मुलाचा होकार घ्या आणि नकाराचा मान ठेवा. पण कायमच्या आजारातली मुलं वयाच्या मानाने खूप जास्त जाणतात, माझी मुलगी आठव्या वर्षी जेवणातले कार्ब्स (पिष्ट-साखर) मोजत होती, त्यामुळे वयाचा आकडा धरून बसू नका. आणि मूल नुसतं गप्प बसलं तर तो होकार नव्हे.

विचारायचं कसं? दवाखान्यात नाही, सुईच्या आधी तर नाहीच. घरी, काहीतरी करता करता. आधी नेमकं काय होणार ते सांगायचं, दुखेल तर दुखेल म्हणायचं. "यामुळे तू बरी होशील" असं चुकूनही म्हणायचं नाही. मग मुलालाच सांगायला लावायचं की काय कळलं, तिथे सगळं उघडं पडतं. मी तिसऱ्या फॉर्मच्या वेळी सगळं नीट सांगितलं असं समजत होते आणि लेक म्हणाली, "म्हणजे मी नाही म्हटलं तर डॉक्टर माझ्यावर रागावतील, आणि मग माझं इन्सुलिन?" अकरा वर्षांची होती. अख्खा फॉर्म बाजूला ठेवून आधी अर्धा तास फक्त तेवढंच बोललो, आणि पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांनाच तिच्यासमोर सांगायला लावलं की इन्सुलिनचा आणि याचा काही संबंध नाही. त्यांनी खुर्ची तिच्याजवळ ओढून सांगितलं. तो स्टडी तिने नाकारला, रात्रभर अ‍ॅडमिट व्हायचं नव्हतं तिला. थेट फायदा नसलेल्या स्टडीत मुलाचा नकार हा शेवटचा शब्द, असं मी मानते. जिथे दुसरा उपायच उरलेला नाही आणि ट्रायलमध्येच आशा आहे तिथे हे इतकं सोपं नसतं, पण तिथेही मुलाला अंधारात ठेवून, धरून-बांधून काही करू नये.

मुलं मोठी होतायत तशी प्रायव्हसी येते. काही औषधांच्या ट्रायलमध्ये वयात आलेल्या मुलींची प्रेग्नन्सी टेस्ट करतात, मूड-व्यसनांबद्दलचे प्रश्न असतात. रिझल्ट कोणाला सांगणार ते मुलीसमोर आधी स्पष्ट करून घ्या, नंतर नाही.

काही बिघडलं तर काय, हे बहुतेक जण शेवटी बघतात, मी आता आधी बघते. फॉर्मवर रात्रीचा म्हणून जो फोन नंबर असतो त्यावर सही करायच्या आधी एकदा रात्री फोन लावा. एका स्टडीच्या नंबरवर आम्हाला दोन रात्री कोणी उचललंच नाही आणि आम्ही तिथेच नाही म्हटलं. इजा झाली तर उपचाराचा खर्च कोण करणार, एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधन पेशंटच्या दृष्टीने योग्य आहे ना ते तपासणाऱ्या समितीची, मंजुरी आहे का आणि त्यांच्याशी थेट कसं बोलायचं, स्टडी रजिस्टर झालाय का आणि त्याचा नंबर काय, मधेच आकडे तपासून धोका दिसला तर थांबवणारी स्वतंत्र कमिटी आहे का, हे विचारा. १९९९ मध्ये जेसी गेलसिंगर हा १८ वर्षांचा मुलगा अमेरिकेत जीन थेरपीच्या, म्हणजे शरीरात चांगलं जनुक सोडून आजारावर उपचार करायच्या, ट्रायलमध्ये गेला, त्याचा जन्मजात आजार गोळ्या-पथ्यावर बऱ्यापैकी ताब्यात होता, आणि चार दिवसांत तो दगावला. आधीच्या पेशंटमध्ये दिसलेले त्रास, माकडांवरच्या प्रयोगातले मृत्यू हे त्याला नीट सांगितलेलं नव्हतं हे नंतर बाहेर आलं. म्हणून विचारा, "आतापर्यंत किती मुलांना दिलंय, कोणाला काय त्रास झाला?"

मधेच नवीन धोका कळला तर सांगणार का, हेही. टोरंटोच्या डॉक्टर नॅन्सी ऑलिव्हिएरी थॅलेसेमियाच्या पेशंट्सवर डेफेरिप्रोन या औषधाचा अभ्यास करत होत्या, १९९६ मध्ये त्यांना काही जणांत औषधाचा परिणाम कमी होताना दिसला, त्यांना ते पेशंटना सांगायचं होतं, तर पैसे देणाऱ्या कंपनीने ट्रायल बंद करून कोर्टाची धमकी दिली. तरी त्यांनी सांगितलं. औषध पुढे मंजूर झालं, आजही वापरतात, पण त्या वेळी त्या घरांना ते कळण्याचा हक्क होताच.

सही केलीच तर: फॉर्मची कॉपी घ्या आणि फाईलमध्ये पहिल्या पानावर लावा, दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर दाखवा. बाहेर कधीही पडता येतं, कारण द्यावं लागत नाही, पण औषध मनाने एकदम बंद करू नका, काही औषधं हळूहळूच कमी करावी लागतात, फोन करून विचारा. सॅम्पल किती वर्षं ठेवणार, जेनेटिक टेस्ट करणार का, नाव काढून ठेवणार की कोड लावून, मूल सज्ञान झाल्यावर त्याला परत विचारणार का, नको म्हटलं तर नष्ट करणार का, हे वेगळ्या ओळीत वेगळी टिक मागून घ्या, स्टडीला हो आणि साठवायला नाही असं बऱ्याचदा चालतं. औषधाने फरक पडला तर स्टडी संपल्यावर ते मिळत राहणार का, हा प्रश्न तर सुरुवातीलाच. मुलाला बरं वाटायला लागल्यावर औषध बंद होणं हे फार वाईट असतं.

पहिल्या स्टडीतल्या त्या फ्रीजरमधल्या ट्यूबचं विचाराल तर आम्ही मागच्या वर्षी पत्र दिलं. लेक आता तेरा वर्षांची आहे, पत्र तिनेच लिहिलं, मी फक्त खाली सही केली. तिने नष्ट करा असं लिहिलं नाही, ठेवा म्हणाली, पण कशासाठी वापरताय ते दर वेळी मला कळवा, आणि खाली तिचा स्वतःचा ईमेल दिला. आतापर्यंत एक उत्तर आलंय, तिच्या नावाने.